एकाच शाळेच्या हद्दीत

परदेशी जायचं ठरलं की सामान जमायला लागतं आणि त्याच्या दुप्पट वेगाने किस्से जमायला लागतात. सामानाला विमानवाले तीस किलोची मर्यादा घालतात. किश्शांना कोणी घालत नाही, म्हणून ते अजून आमच्याकडे पडून आहेत. कोणी घरी आलं की एक निघतो, त्याच्यामागून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. तुम्ही घ्या चहा, मी सांगते.

तर त्या वर्षी आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातून तिघांना मेलबर्नला जायचं होतं. मी, इरफान तांबोळी आणि कुदळे. तिघंही सहकुटुंब, तीन वर्षांसाठी. तिथे जाऊन काम काय करायचं हे एका मीटिंगमध्ये ठरलं. राहायचं कुठे आणि मुलं कुठल्या शाळेत घालायची, यात पाच महिने गेले. कारण तिकडे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावर मिळते. प्रत्येक शाळेची हद्द आखलेली. हद्दीच्या आत राहिलात तर प्रवेश, बाहेर राहिलात तर नमस्कार. त्यामुळे उपनगर निवडायचं म्हणजे शाळाच निवडायची.

* * *

आम्ही कॉम्प्युटरवाली माणसं. जेवणाच्या टेबलावर डबे उघडायच्या आधी एक्सेल शीट उघडली. प्रत्येक ओळीत एक उपनगर. कॉलम असे: शाळा, भाडं, स्टेशन किती लांब, भाजी कुठे मिळते, दवाखाना, पार्किंग. प्रत्येकाला दहापैकी मार्क. कुदळेने "पार्किंग"ला पंधरा दिले, तेव्हा त्याला समजावून सांगावं लागलं.

मग इरफानने शेवटी एक कॉलम टाकला, "झोया-मुक्ता एकत्र". त्यात मार्क नव्हते.

कुदळेने विचारलं, "याला किती द्यायचे?"

"काही नाही," इरफान म्हणाला. "हे जमत नसेल तर ती ओळच उडवायची."

झोया त्याची मुलगी, मुक्ता माझी. दोघी नऊ वर्षांच्या, कोथरूडच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. आता मुक्ताचं सांगायला हवं. घरी ही मुलगी आम्हाला बोलू देत नाही, पण शाळेच्या गेटातून आत गेली की तिचं तोंड बंद. बाईंनी विचारलं तरी नाही, मुलींनी खेळायला बोलावलं तरी नाही. पहिलीपासून हेच. फक्त झोयाशी बोलायची, तेही कानात. मग झोया मोठ्याने सांगायची, "बाई, मुक्ताला उत्तर येतंय. पंचेचाळीस." "बाई, मुक्ताचं पोट दुखतंय." डॉक्टर झाले, समुपदेशन झालं. सगळे म्हणाले, घाई करू नका. आम्ही घाई करत नव्हतोच. पण नव्या देशात, नव्या शाळेत ही मुलगी झोयाशिवाय काय करेल, हाच विचार मी करत असायचे. इरफानला ते मी कधी सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून कॉलम टाकला.

* * *

माझ्या सासूबाईंना उपनगरांची इंग्रजी नावं लक्षात राहीनात. त्यांनी स्वतःची सोय करून घेतली. स्टेशन आणि बाजार जवळ असलेलं ते "मंडई". जुनं, अरुंद रस्त्यांचं, कारण नसताना महाग, ते "नारायण पेठ". आणि शांत, झाडंबिडं, शाळा चांगली, सगळे नोकरदार, ते "कोथरूड". नावं इतकी चपखल बसली की आम्हीही तीच वापरायला लागलो. शेवटी शीटमध्येही तीच आली.

आम्ही राहतो ते खऱ्या कोथरूडात. एक दिवस खालच्या मजल्यावरचे गोखले काका वर आले. एरवी हे फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला येतात. त्या दिवशी चप्पल काढून आत बसले, आवाज खाली.

"आजी लिफ्टमध्ये म्हणत होत्या, कोथरूडमध्ये घर मिळत नाहीये तुम्हाला."

"हो ना," मी म्हटलं. "मिळतंय ते भाड्यात बसत नाही."

"पण मग हे?" त्यांनी आमच्या हॉलकडे हात केला. "विकलंत की काय? काही अडचण आली का? नाही, मला चौकशी करायची नाही. बी विंगमध्ये एक फ्लॅट रिकामा होतोय, शब्द टाकू का?"

इतक्यात सासूबाई बाहेर आल्या. "नको हो, आम्हाला तिकडचंच कोथरूड हवंय. तिथली शाळा चांगली आहे."

गोखले काकांनी जरा विचार केला. "आणि इथली एवढी वर्षं वाईट होती, हे तुम्ही आत्ता सांगताय?"

त्यांची नातही त्याच शाळेत होती. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत पाऊण तास गेला. जाताना म्हणाले, "म्हणजे घर विकलेलं नाही. बरं. मग टाकीच्या दुरुस्तीचे द्यायचे राहिलेत."

* * *

कुदळेला मात्र हद्दीची काळजी नव्हती, त्याचा मुलगा चार वर्षांचा. त्याने "मंडई"च्या पलीकडे एक बंगली शोधून काढली. मोठं अंगण, भाडं कमी, फोटो सुरेख. मी आणि इरफान जळून खाक. इरफान तर म्हणाला, "बाजूची मिळते का बघ, दोन्ही पोरींची सोय होईल."

कुदळेचे वडील, तात्या, बाणेरच्या बाजूचे. आता तिथे टॉवर आहेत, पण तात्यांच्या डोक्यात अजून शेतंच. रविवारी आम्ही त्यांच्याकडे जमलो होतो. कुदळेने मोठ्या टीव्हीवर उपग्रहाचा नकाशा लावला आणि अभिमानाने घर दाखवलं.

तात्या खुर्ची पुढे ओढून बघत बसले. मग म्हणाले, "ह्ये घर घिऊ नगा. हितं ओढा हाय."

"कुठाय ओढा, तात्या? रस्ता आहे तो."

"बुजवलाय. झाडं बघा की. मान्सानं लावल्याली झाडं सरळ वळीत आसत्यात. ही कशी वाकडी चालल्यात? पान्याच्या कडंची हायेत ती. पाऊस झाला की पानी आपल्या वाटंनं येनार."

आम्ही हसलो. कुदळेने तरीही तिथल्या एजंटला मेल टाकली. चार दिवसांनी उत्तर आलं, कागद जोडलेला: होय, हा भाग पुराच्या क्षेत्रात येतो, कळवायचं राहिलं.

इरफान तात्यांना भेटायला मुद्दाम पुन्हा गेला. "तात्या, इथे बसून तुम्हाला मेलबर्नचा ओढा दिसला कसा?"

तात्या म्हणाले, "आमच्याकडं बी आसाच बुजवलाय की. मीच तर इकला."

* * *

माझा नवरा शेखर. मुक्ताच्या नर्सरीच्या फॉर्मसाठी तो कोथरूडमध्ये पहाटेपासून फोल्डिंगची खुर्ची घेऊन रांगेत बसलेला माणूस. सतरावा नंबर होता, ही गोष्ट तो अजून पाहुण्यांना सांगतो. त्याने "कोथरूड"मधल्या शाळेला फोन लावायचं ठरवलं. वेळेचा हिशेब करून सकाळी सहाला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला. फोनवर शर्ट कशाला, असं मी विचारलं नाही. विचारून उपयोग नसतो.

त्याने प्रश्न लिहून काढले होते. फॉर्म कधी निघतात. रांग किती दिवस आधी लागते. आई-वडिलांची मुलाखत असते का. देणगी साधारण किती, आणि ती कोणाच्या नावाने.

फोन सहा मिनिटांत संपला. शेखर तसाच बसून राहिला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हद्दीत राहायला आलात की या."

"आणि?"

"आणि काही नाही. या म्हणाल्या."

तो दोन दिवस अस्वस्थ होता. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम म्हणाला, "मला ती शाळा पसंत नाही."

"का?"

"कोणालाही घेतात म्हणे."

* * *

"कोथरूड"ची शाळा पक्की झाली आणि आम्हाला दोन घरं मिळाली. अगदी समोरासमोर. मध्ये फक्त रस्ता. मी आणि इरफान इतके खूश, की कॅन्टीनमध्ये सगळ्या टीमला गुलाबजाम दिले. मुली खिडकीतून एकमेकींना हात करतील, असं सगळं ठरवून झालं.

संध्याकाळी मी हद्दीचा नकाशा पुन्हा मोठा करून पाहिला. हद्दीची रेघ त्याच रस्त्याच्या मधोमध होती. आमचं घर एका शाळेच्या हद्दीत, त्यांचं दुसऱ्या शाळेच्या.

इरफानच्या अब्बांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. इथल्या मंडईजवळ त्यांचं कुलपांचं दुकान, वडिलांच्या वेळेपासूनचं. पुणेरी मराठी त्यांनी बोलावी आणि आम्ही मूळच्या सदाशिव पेठेतल्यांनी ऐकावी. इरफान त्यांना दुकानात नकाशा दाखवायला गेला, मीही बरोबर होते.

चाचांनी चष्मा लावला. "म्हणजे हे घर या शाळेचं, ते घर त्या शाळेचं."

"हो, अब्बा."

"आणि पोरी रस्त्यात उभ्या राहिल्या तर?"

गिऱ्हाईक आलं. चाचांनी त्याला कुलूप दाखवलं, दोनदा लावून उघडून दिलं, कागदात बांधलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "रस्त्याच्या एकाच बाजूला दोन घरं बघा. लांब असली तरी चालतील. पोरी चालतात."

दहा दिवस आणखी शोधून तशी दोन घरं मिळाली. पंधरा मिनिटांचं अंतर, पण हद्द एक. मुक्ताला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "बाकपण एकच ना?" तेवढं मात्र कुठल्याच वेबसाइटवर दिलेलं नव्हतं.

* * *

आता शाळा सोडल्याचा दाखला. आपल्याकडे दाखल्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही, हे चाचांना पक्कं माहीत. "कागद हातात असावा," ते रोज म्हणायचे. रोज ऐकून इरफानने एक दिवस जाऊन झोयाचा दाखला काढला. व्हिसा यायचा होता, तिकीट काढायचं होतं, पण दाखला हातात. दुसऱ्या दिवशी शेखर गेला तेव्हा ऑफिसातल्या साने बाई भानावर आल्या होत्या.

"व्हिसा आला?"

"येईल."

"तिकीट?"

"होईल."

"मग मुलगी तोपर्यंत कुठे बसवायची? विमानतळावर?"

मुक्ताचा दाखला मिळाला नाही. म्हणजे झोया घरी आणि मुक्ता शाळेत, एकटी. तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत मी एक शिकले. पहिल्या दिवशी घरी आली ती दारातून थेट बाथरूमला पळाली. बाटली उघडली तर पाणी काठोकाठ, जसं सकाळी भरलं होतं तसं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जाऊ का, हे विचारावं लागू नये म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. नऊ वर्षांच्या मुलीने डोकं चालवून शोधलेला उपाय होता तो. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नंतर शेखरला म्हटलं, आपण नको जाऊया.

तो म्हणाला, "तिकडे झोया असणारच आहे ना."

साने बाईंना मी बाटलीचं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दर दोन तासांनी त्या स्वतः वर्गाच्या दारात यायच्या आणि म्हणायच्या, "मुक्ता, चल, मला सोबत कर." असं महिनाभरानंतर दुसऱ्या कोणाकडून तरी कळलं. मला त्यांनी सांगितलं नाही.

* * *

मग ती मीटिंग झाली. तिकडच्या क्लायंटने तीनऐवजी दोनच माणसं मागितली. यादीतून इरफानचं नाव गेलं. कारण काही नाही, कोणाचं तरी जायचंच होतं.

दुपारी आम्ही टेबलावर बसलो. कुदळे डब्यात बघत होता. इरफानने लॅपटॉप उघडला, शीट उघडली, आणि "झोया-मुक्ता एकत्र" हा कॉलम काढून टाकला. मग म्हणाला, "आता तुला बरीच घरं मिळतील. तो कॉलम फार नडत होता."

मी त्याच्यावर चिडले. असं बोलायची काही गरज होती का? मग त्याचा चेहरा पाहिला. पाच महिने त्या माणसाने माझ्यापेक्षा जास्त घरं पाहिली होती.

झोयाला परत शाळेत घालायला तो स्वतः गेला. हातात तीन आठवड्यांपूर्वीचा दाखला. साने बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"आलात? कसं होतं ऑस्ट्रेलिया?"

इरफान म्हणतो, त्या आठवड्यात तो पहिल्यांदा हसला तो तिथे. बाईंनी प्रवेशाचा फॉर्म पुढे सरकवला. तो आधीच भरलेला होता, फक्त सही बाकी होती.

झोयाला सांगितलं तेव्हा ती "ठीक आहे" म्हणाली आणि गृहपाठाला बसली. रडली नाही. मुक्ताला सांगितलं तेव्हा तिने काहीच विचारलं नाही, आणि मला तेच जड गेलं. मी ऑफिसला नकाराची मेल लिहिली. मला घरच्या कारणामुळे जाता येणार नाही, तीन ओळी. पाठवली नाही, ड्राफ्टमध्ये ठेवली. कारण पुढच्या बुधवारी तिकडच्या शाळेतल्या बाई मुक्ताशी व्हिडिओवर बोलणार होत्या. नव्या मुलांशी त्या आधी ओळख करून घेतात म्हणे. मी ठरवलं, तो फोन होऊ दे. ती नेहमीसारखी गप्प बसली, की मेल पाठवायची.

* * *

तो बुधवार सांगते आणि थांबते.

सकाळी साडेसातची वेळ. शाळेला आम्ही आधीच कळवलं होतं की मुलगी पटकन बोलत नाही. बाईंचं उत्तर आलं, काही हरकत नाही, मैत्रिणीला शेजारी बसवा. म्हणून इरफान झोयाला घेऊन आला. शेखरने दहा प्रश्न आणि दहा उत्तरं मुक्ताकडून पाठ करून घेतली होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात, हातात पोळ्यांचं लाटणं तसंच. इरफान लॅपटॉपच्या मागे उभा, म्हणजे तो दिसणार नाही. मी सोफ्याच्या कडेला.

झोया पुढे सरसावून बसली. तिला सवयच होती. मुक्ता तिच्या खांद्याआड, तिचा अर्धाच चेहरा दिसेल अशी.

बाई आल्या. पांढरे केस, हातात मोठा कप, चेहरा हसरा. त्यांनी समोर बसलेल्या झोयाकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. तू मुक्ता ना? तुला भेटून किती छान वाटतंय. शेखर मध्ये बोलायला गेला, मी त्याचं मनगट धरलं. झोया सांगेल, मला वाटलं. ती नेहमीच सांगते.

झोया काही बोलली नाही.

बाईंना वाटलं, हीच ती न बोलणारी मुलगी. त्यांनी आणखी मायेने सांगायला घेतलं. वर्गात तुझी जागा ठेवली आहे, खिडकीजवळ. दप्तर अडकवायच्या खुंटीवर तुझं नाव लिहिलंय. मुलं रोज विचारतात तू कधी येणार. आम्ही सगळे तुझी वाट बघतोय.

झोयाची हनुवटी थरथरायला लागली. तिने ओठ दाबून धरले, मग तेही सुटले आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. इतके दिवस न रडलेली मुलगी. इरफान लॅपटॉपच्या मागून एक पाऊल पुढे आला आणि थांबला. बाई घाबरल्या. सॉरी, सॉरी, मी काही चुकीचं बोलले का, असं विचारायला लागल्या.

मुक्ता झोयाच्या खांद्याआडून बाहेर आली. तिने एका हाताने झोयाला मागे सारलं, दुसऱ्या हाताने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि स्क्रीनकडे बघून, पाठ केलेल्या दहांपैकी एकही नसलेलं उत्तर दिलं.

"शी इज नॉट कमिंग. आय ॲम कमिंग. यू टॉक टू मी."